चेन, टायर आणि पप्पांचा गुडघा

डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

...तरीही बर्फात गाडीच्या चाकांना लावायची चेनच बरी, असं सकाळपर्यंत मला एकदम पक्कं वाटत होतं. मनालीला बर्फ लागणार एक-दोन दिवस. बर्फासाठीचे विंटर टायर इथूनच घालून सुरतहून निघालो तर मऊ रबर गरम रस्त्यावरच घासून जाईल. सगळे व्हिडिओ बघून झालेत यार.

मग मित्राची चेन आणून गल्लीत ट्रायल घेतली. आई दारातूनच म्हणाली, "इथे पंखा बंद होत नाही, अन् याला बर्फ!" पप्पांनी माझ्या हातातून चेन ओढली. "सरक रे, तुला नाही जमायचं." कापडाच्या कारखान्यात लूमवर उभं राहून राहून त्यांचा गुडघा गेलाय, तरी खाली बसले. चेन बसली, पण त्यांना उठता येईना. बंपर धरला, मग माझा खांदा.

"पाहतोस काय? तिकडेही मीच लावणार."

लावतीलच. बर्फात, असेच खाली बसून. माझं ऐकणार आहेत का?

थकलो विचार करून. डोकं अजून चेनच म्हणतंय, पण खांद्यावर तो हात अजून जाणवतोय. पप्पांना आयुष्यात पहिल्यांदा बर्फ दाखवायचाय, त्यात बसवायचं नाहीये. तुला काय वाटतं, टायरच घेऊ ना?