उत्तरेची भिंत

३ फेब्रुवारी
सिंगापूरच्या नोकरीचा पहिला दिवस, आणि पासिर रिसच्या फ्लॅटमधला तिसरा. खोकी अजून उघडायची आहेत, कंबरेचा काटा ढिला झालाय, पण आज मजा आली. पुण्यात दहा वर्षं मी सोसायट्यांच्या पार्किंगचे नकाशे काढले. इथे पहिल्याच दिवशी हातात नऊशे वर्षांचं चर्च! स्पेनमधल्या एका डोंगरी खेड्यातलं. आमचं ऑफिस अशा इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे करून पाठवतं. शैली रोमनेस्क, म्हणजे कमानी अर्धगोल, खिडक्या चिमुकल्या, भिंती मीटरभर जाड. जाड अशासाठी, की वरचं अर्धगोल दगडी छत त्यांना सतत बाहेर ढकलत असतं. नऊशे वर्षं ढकलतंय. मला त्या भिंतींची कीवच आली. उत्तरेची भिंत कललीय, तिला अकरा मिलिमीटरची भेग आहे. गावात आता कोणी राहत नाही.

९ फेब्रुवारी
इमारत केवढी ते कळावं म्हणून नकाशात एक माणूस उभा करतात. आमची लेक अनुया म्हणाली, मला घे ना, आणि वर इथल्या शाळेत शिकलेलं, कॅन ऑर नॉट? सात वर्षांच्या बाईसाहेबांना नाही म्हणायची सोय आहे का! ब्लॉकखाली उन्हात तिचा फोटो काढला, सावलीसकट कापला आणि उत्तरेच्या भिंतीशी उभा केला. झकास दिसते. तिचा बाबा, निशिकांत, तर रॅफल्स प्लेसच्या त्याच्या बँकेत सगळ्यांना दाखवणार आहे.

१४ फेब्रुवारी
साइटवरच्या इंजिनियरची मेल. तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याने नकाशाची प्रत बरणीत घालून भेगेत ठेवली आणि वरून चुना भरला. तिकडची रीतच आहे म्हणे. वाचून बरं वाटलं. भेग नऊवर आली.
अनुया शाळेतून येऊन न जेवता झोपली. इथली हवाच दमवणारी. मीसुद्धा एमआरटीत, इथल्या मेट्रोत, पेंगते.

२० फेब्रुवारी
भेग सहा. इंजिनियर खूश. अनुया पोहायला गेली नाही, सोफ्यावरून उठलीच नाही. पॉलिक्लिनिकमध्ये रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, नवी शाळा, नवं गाव, मुलं थकतात. असेलही. आम्ही सगळेच थकलोय.

२५ फेब्रुवारी
रिपोर्टसाठी चर्चचा इतिहास लिहायला घेतला. पाद्र्यांच्या जुन्या नोंदी भाषांतर होऊन आल्यात. उत्तरेची भिंत बांधताना तीनदा पडली. मग गवंड्यांनी गावातल्या एकाच्या सावलीचं दोऱ्याने माप घेतलं आणि तो दोरा भिंतीत चिणला. भिंत उभी राहिली. त्या माणसाला आजार असा काही झाला नाही, तो नुसता दमत गेला आणि एके सकाळी उठलाच नाही. पुढे भिंत कलली की दरवेळी नवी सावली. शेवटची १८९१ साली, एका मेंढपाळाच्या बायकोची.
पान दोनदा वाचलं. मग घरी फोन करून विचारलं, अनुया उठली का. नव्हती उठली.

२७ फेब्रुवारी
भेग तीन. अनुयाला उचलून बाथरूमला न्यावं लागतं. निशिकांत म्हणतो, तू जरा झोप, ते दगडांचं खूळ डोक्यातून काढ. इंजिनियरला लिहिलं, बरणी काढा. त्याने नम्रपणे विचारलं, भिंत सुधारतेय, मग कारण काय? कारण काय सांगू! मला भयंकर भीती वाटतेय.

१ मार्च
सुचलं. नकाशात चूक निघाली की सुधारित प्रत पाठवायची. जुनी फाडावीच लागते. तिथे कोणी कारण विचारत नाही. पण भिंतीला कोणीतरी लागणार. रिकामी प्रत पाठवली आणि तिने अनुयाला सोडलंच नाही तर—
संध्याकाळी निशिकांतला खाली नेलं, तिरप्या उन्हात माझा फोटो काढायला लावला. ही कसली हौस, म्हणाला. मला कडेने कापत बसायचं त्राण नव्हतं. फोटो अख्खाच चिकटवला, पाठवला.

४ मार्च
जुनी प्रत काढून फाडली. नवी बरणीत गेली.
अनुया उठली! वरणभात मागितला, वर तूप. मी रडले.

७ मार्च
अनुया पोहायला गेली. मी दारातच बसून राहिले, चप्पल काढायला वाकवेना. चालेल. हे मी ठरवूनच— भेग एक.

१० मार्च
निशिकांत बँकेत गेला नाही. दमलोय म्हणाला. तो कधीच असं—
नकाशा उघडून पाहिला. फोटोत माझ्या पायाशी दुसरी सावली. फोटो काढणाऱ्याची. ऊन त्याच्या पाठीशी होतं— मी पाहिलंच नाही—

१२ मार्च
तिसरी प्रत. त्याची सावली पुसायची, फक्त त्याची— माउस जड झालाय.
इंजिनियरने कळवलं, भेग बुजली, अभिनंदन. काम बंद. आता सुधारित प्रती घेणार नाहीत.

१३ मार्च
निशिकांत शेजारी. हाक मारली, डोळे उघडत नाही. अनुया दारात येऊन विचारून गेली, तुम्ही दोघं कधी उठणार? तिला सांगायला हवं, शेजारच्यांची बेल— पुण्याला फोन— जीभ उचलत नाही. तिचं कोण—