नाकारलेली किडनी

४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आमचं डायलिसिस यथास्थित. आठवड्यातून तीनदा खुर्चीत पडून छताकडे बघतो आणि शाळेतल्या कविता मनात म्हणतो. अर्ध्या आठवतात, उरलेल्या मीच रचतो.

एक गोष्ट इतके महिने कळवली नव्हती. हिवाळ्यात मला किडनी मिळत होती. न्हाणीघरात गीझरचा गॅस कोंडून एक तरुण बाई गेली, घरच्यांनी तिचे अवयव दिले. माझा नंबर पहिला. माझं काही बिनसलं तर असावी म्हणून एका मुलीलाही बोलावलं होतं. शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करते. मी डॉक्टरांना म्हटलं, मला नको, हिला द्या. आपण पिकली पानं, अक्का.

काल ती घरी आली होती. किडनी बसवल्यापासून तिची तब्येत सुधारली आहे. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली. काही विचारायचं असावं, पण मीच रंगात आलो आणि परोपकारावरची चौथीतली कविता चालीसकट म्हणून दाखवली. सूनबाई आत भांडी आपटत होती, का कोण जाणे. कॉलनीवाले माझा सत्कार करायचा म्हणतात. मी नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

जिवाला जप. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
कवी


११ जून

चि. कवीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तुझ्या हातून सायीची वाटी सुटायची नाही, आणि किडनी सोडलीस? मला पटेना. सूनबाईला फोन केला, त्या दिवशी ती तुझ्याबरोबर होती ना. बिचारी आधी आढेवेढे घेत होती, मग रडली.

डॉक्टर म्हणे तुला समजावत होते की तो वायू बाईच्या मेंदूला भोवला, किडन्या तपासल्या आहेत, चांगल्या आहेत. आणि तू भर व्हरांड्यात ओरडलास की विषाने मेलेल्या बाईचं काही माझ्या अंगात नको. ती पोर शेजारच्या बाकावर असताना.

भ्यालास, त्याचं काही नाही. मीही भ्याले असते. पण तुझं ते बोलणं कानात घेऊन ती ऑपरेशनला आत गेली रे. ती आभार मानायला आली होती की आणखी कशाला, हे तू तिला विचारलंस तरी का? आधी सत्कार मोड, मग तिला भेट.

रागावलेली, तरी तुझीच,
अक्का


१९ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तोंड वर करून लिहवत नाही. सत्कार मोडला, खरं कारण सांगून. सेक्रेटरी अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

मग दुकानात गेलो. ती मागच्या बाजूला बटणं लावत होती. तिला म्हटलं, त्या दिवशी मी उदार नव्हतो, घाबरलो होतो. तिला ते ठाऊकच होतं. घरी ती एवढंच विचारायला आली होती की मी शिकलेला माणूस, मला असं काय माहीत होतं जे डॉक्टरांनी तिला सांगितलं नाही? जीभ जरा कडू लागली तरी तिला वाटतं, आलं विष वर. सकाळी उठून उजेडात नखं बघते, निळी पडली का म्हणून. त्या बाईच्या किडनीत विष नव्हतं, अक्का. ते मी घातलं.

मी म्हटलं, मला काहीही माहीत नव्हतं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. गिऱ्हाइकं बघत होती. मग तिने विचारलं, आता तशीच किडनी मिळाली तर घ्याल का? घेईन म्हटलं, तर तिचा विश्वास बसेना. म्हणून तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि तिच्यादेखत सांगितलं की अशी किडनी आली तर मला बोलवा. ते म्हणाले, पुन्हा येईलच असं नाही. मी मान हलवली. मग त्यांनी तिचे रिपोर्ट काढून तिला एकेक समजावून दिले. ती प्रश्न विचारत होती, मी ऐकत होतो.

तिला घरी सोडलं. तिच्या आईने दारातच मला हात जोडले. म्हणाली, ऑपरेशन झाल्यापासून पोर रात्र रात्र जागी असते, कारण काही सांगत नाही. मी सांगितलं, कारण मी.

तिने जोडलेले हात खाली घेतले. मी उभाच राहिलो.

लोभ उरला असेल, तर असू दे.

तुझा,
कवी