कागदाआडचे घड

प्रिय ताई,

मी पत्र लिहितोय हे बघून तू आधी हसशील. जिवंतपणी तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, फोनवर नुसता भांडत आलो. पण काल नाशिकला तुझ्या चित्रांचं प्रदर्शन उघडलं आणि तिथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. आता फोन लावणार कुठे?

तू गेल्यावर तुझी चित्रं टोरांटोहून दिंडोरीला आली, तेव्हा घरचे सगळे गोळा झाले होते. खोक्यातून पहिलं चित्र बाहेर काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला द्राक्षाचा घड. दुसरं? घड. तिसरं? घडच! तुझी भावजय म्हणाली, "ताईंना तिकडं दुसरं काही दिसलंच नाय का?" खरंच गं, एवढा मोठा देश, एवढा बर्फ, एखादं झाड तरी काढायचंस!

मग मी चित्रं ओळीने भिंतीला टेकवली. जुन्या चित्रांत कागदावर मराठी बातम्या. मधल्यांत तिकडची इंग्रजी वर्तमानपत्रं. शेवटच्या चित्रांत कागद कोरा. "अक्षरं कुठे गेली गं?" असं मी एकदा तुझ्या एका नव्या चित्राचा फोटो बघून फोनवर विचारलं होतं. तू म्हणालीस, "बातम्यांचा कंटाळा आलाय. आता आतलं तेवढंच आठवतं."

आठवतं, उन्हाने मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून आपण घडांना कागद लावायचो? वरून घट्ट, खालून उघडा, ही आपल्या बागेत कामाला येणाऱ्या सखूमावशीची शिकवण. तू मात्र मण्यांत पाणी उतरलं का, पिकायला लागले का, हे बघायला खालून डोकावत बसायचीस. मावशी ओरडायची, "आगं सुमे, हात चालव!"

थोडं रागावू? जगभर चित्रं फिरवलीस, इथे एकही आणलं नाहीस. म्हणायचीस, "आपल्या बागेतल्या बायकांना ही नुसती रद्दी वाटली तर? मग मी जन्मभर केलं काय?" एवढी मोठी चित्रकार, आणि सखूमावशीला घाबरायचीस!

म्हणून काल मी बागेतल्या सगळ्या बायकांना गाडी करून नेलं. नाशिकात द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मावशी वैतागली. "कागद बघायला येवढ्या लांब?"

हॉलमध्ये ती तुझ्या सगळ्यात मोठ्या, कोऱ्या कागदाच्या चित्रापुढे उभी राहिली. मग गुडघ्यांवर हात टेकून वाकली, मान वाकडी केली आणि चित्रातल्या कागदाच्या खालून वर बघायला लागली!

"मावशी, काय बघता?"

"पानी उतरलं का ते बघते," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटलं. "आरं देवा! हे तर चित्र हाय ना!"

सगळा हॉल हसला. मी हसता हसता रडलो. ताई, एवढ्यासाठी तरी तू असायला हवी होतीस!

आता माझा शब्द. पुढच्या वेळी तुझी चित्रं भिंतीवर लावणार नाही. द्राक्षांचा माल निघाला की आपल्याच बागेत, वेलींच्या मांडवाच्या तारांना टांगीन, घडाच्या उंचीवर. ज्याला बघायचं त्याने वाकून बघावं. पहिला मान मावशीचा. आणि चित्रांना ऊन लागेल म्हणून तिथून ओरडू नकोस. कागद लावीन!

तुझा भांडखोर धाकटा,
बाळू