शालीखालची डबी

प्रिय चिमणे,

तुझी छकुली रांगत उंबऱ्याशी येऊन अडते आणि वर आपल्यालाच रागावते, हे तू फोनवर सांगितल्यापासून तुझी आई दिवसभर हसत होती. संध्याकाळी औषधाची कुपी फ्रीजमध्ये ठेवताना मात्र नेहमीचंच पालुपद. कुपी तापली की कामातून गेली, आणि तुझ्याकडे यायच्या एवढ्या लांबच्या गाडीत हिला फ्रीज कोण बांधून देणार? मी म्हटलं, मी देतो.

तेव्हापासून दुरुस्तीला आलेले रेडिओ बाजूला सारून दुकानाचं अर्धं टेबल आईच्या कुपीसाठीच्या गार डबीने अडवलंय. गार करणारी वस्तू म्हणशील तर दोन बोटांएवढी: पेल्टियरची चौकोनी चकती. वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम. पण तिला वीज पाजणारं सर्किट निवडताना माझ्या नाकी नऊ आले. पहिलं होतं चालू-बंद होणारं. पण चकती बंद झाली की गरम बाजूची उष्णता तिच्यातूनच उलटी आत शिरायची. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय. दुसऱ्यात प्रवाह हवा तेवढा कमी करता यायचा, पण उरलेली वीज ट्रान्झिस्टर तापवण्यातच जायची. त्याला गार ठेवायला एवढा पत्रा लागला, की नाकापेक्षा मोती जड. तिसरं इवलंसं, प्रवाहाचे भराभर तुकडे करून देणारं. मी हुरळलो. पण असे धक्के देऊन वीज दिली की गारवा तेवढाच मिळतो आणि चकती स्वतः जास्त तापते. बॅटरीने अर्ध्या वाटेत मान टाकली. शेवटी त्या तुकड्यांपुढे एक कॉइल आणि कपॅसिटर जोडला. धक्के आतल्या आत जिरले, प्रवाह संथ झाला. आता तो थांबतही नाही, उसळतही नाही. सगळं सर्किट काडेपेटीत मावतं.

लहानपणी मी सोल्डरचा डाग देताना तू स्टुलावर बसून माझी तार धरायचीस, आणि धूर नाकात गेला की माझ्यावरच डाफरायचीस. परवा तार धरायला कुणी नव्हतं म्हणून दातात धरली. आईने पाहिलं आणि विचारलं, उरलेत ते दातही दुकानालाच वाहायचेत का?

तू म्हणशील, बाबा, डबी जरा मोठी झाली असती तर काय बिघडलं असतं? नाही गं. ती आईला एका हाताने उचलता आली पाहिजे. बटणही एकच ठेवलंय.

मग चाचणी लावली. सकाळी डबी सुरू करून बाहेर कामाला गेलो, आलो तर आतली कुपी कोमट. सगळं सर्किट उलगडून बघितलं, कुठेच चूक नाही. दुसऱ्या दिवशी काम लवकर आटोपलं म्हणून मध्येच परतलो. डबीवर आईची शाल, चारी बाजूंनी नीट खोचलेली. गरम हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचं तोंडच बंद! विचारलं, तर म्हणाली, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून पांघरूण घातलं. अगं, रेडिओवर कापड टाकू नका म्हणून गिऱ्हाइकांना जन्मभर दटावत आलेली बाई ही. मी शाल घडी करून ठेवली आणि चाचणी पुन्हा लावली. या वेळी डबी शेवटपर्यंत गार राहिली. मी कौतुकाने कुपी तिच्या गालाला लावली. ती हसली नाही.

"आणि तुमच्याकडे कोण बघणार?" एवढंच म्हणाली.

हेच तुला सांगायचं राहिलं होतं. माझ्या छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मला लांबचा प्रवास बंद केलाय. घाबरू नकोस, मी हिंडता-फिरता आहे आणि शेजारचा शिंपी दिवसातून दोनदा डोकावतो. मला छकुलीला बघायचं नाही असं थोडंच आहे? फोनवर तिचा आवाज आला की मी दुकानातला पंखा बंद करतो. पण दोघांनी इथे बसून झुरण्यापेक्षा एकीने तरी तिला मांडीवर घ्यावं. मी जा म्हटलं तर ती जायची नाही, आणखी काहीतरी निमित्त काढेल. म्हणून तू बोलाव. औषधाचं विचारू नकोस, माझं नावही काढू नकोस. एवढंच म्हण, आई, मला तू हवी आहेस. त्यावर तिला निमित्त सापडायचं नाही.

तुझाच, आणि तिचाही,
बाबा