डाव्या डोळ्याचं पाणी

मंगळवार, ९ जून

चि. छकुलीस,

आशीर्वाद. मी बरी आहे. तुझ्या लेकीचा पेपर सोपा गेला हे वाचून हायसं वाटलं. आईची कपाटं आवरून झाली. तिची राखाडी शाल हवी असेल तर कळव.

गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दचकलीस ना? मीही दचकले. नव्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं ती नळी बंद झाली आहे आणि आता धुऊन उघडणार नाही. मग हाडात बारीकशी खिडकी पाडून पाण्याला नवी वाट करून देतात, एकतर नाकाच्या कडेला चीर देऊन, नाहीतर दुर्बिणीने नाकातूनच. मी नाकातून सांगितलं. या वयात चेहऱ्यावर खूण नको म्हणते, हस हवं तर.

तू याच दवाखान्यात नर्स होतीस तेव्हाची गोष्ट आठवते? माझी तपासणी झाली आणि आई बाहेर चाकाच्या खुर्चीत एकटी, म्हणून मी तिच्याकडे पळाले. डॉक्टरांचं म्हणणं तूच ऐकून आलीस. म्हणालीस, "ताई, यावर काही करत नाहीत. डोळ्याचा कोपरा चोळत राहा."

चार वर्षं चोळला. भिंगात पाणी साचायचं, घड्याळातले स्क्रू दिसेनात, शेवटी बाबांचं दुकान बंद केलं. आई गेली तेव्हा लोक म्हणाले, थोरली किती रडते. मला तर रडूच फुटलं नव्हतं.

परवा डॉक्टरांनी जुना कागद काढला. अक्षर तुझं. "ऑपरेशनचा सल्ला दिला. नंतर दोन आठवडे वाकणं, ओझं उचलणं बंद. घरी आजारी आई, त्यामुळे नातेवाइकांचा नकार."

नातेवाईक म्हणजे तू. ते दोन आठवडे आईला उचलणं तुझ्यावर आलं असतं, एवढंच ना? मला विचारलं असतंस तर आईला सोडून मीच नको म्हणाले असते गं. पण तू विचारलंच नाहीस. तू मला फसवलंस. एवढं एक वाक्य लिहिताना तीन कागद फाडले.

गुरुवारी येऊ नकोस. खालच्या मजल्यावरची शिंपीण सोबत आहे. फॉर्मवर जवळच्या माणसाची सही तिनेच केली आणि नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं. मी खोडायला सांगितलं नाही.

ताई