एकोणीस सेकंद कमी

४ जानेवारी, सकाळी ७.१०
ही वही वाचणार नाही असं ताईने कबूल केलं आहे. म्हणाली, वाचण्यासारखं काही घडलं तर बघू.
काल मामा येऊन गेले. त्यांचा गाद्यांचा कारखाना आहे. जुना कारागीर सोडून गेला, म्हणून त्यांना मी हवा आहे. मी शांतपणे सांगितलं की कॉलेज मी सोडलेलं नाही, दुसऱ्या वर्षाच्या दारात थांबलो आहे, आणि माझं क्षेत्र विमानविद्या आहे. मामा म्हणाले, चालेल की, आमच्याकडेही दिवसभर कापूस उडत असतो.
शेवटी तह झाला. २२ फेब्रुवारीला मॉडेल क्लबची स्पर्धा आहे. माझं विमान एक मिनिट हवेत राहिलं तर मामा गादीचा विषय जन्मात काढणार नाहीत. नाही राहिलं तर मी कामावर जायचं. मी ताबडतोब हात मिळवला. नंतर घड्याळासमोर बसून एक मिनिट पाहिलं. अगदीच छोटं असतं.
शिवाय मामांच्या पाटीवर ‘गादि’ लिहिलं आहे, दि ऱ्हस्व. जो माणूस स्वतःचा माल चुकीचा लिहितो त्याच्याकडे मी काम कसं करणार?

९ जानेवारी
आराखडा आणला. विमानाला इंजिन नाही, रिमोट नाही. पोटात रबराची लांब पट्टी. तिला पीळ भरायचा, तो उलगडताना पंखा फिरतो. एकदा हातातून सुटलं की विमान आपल्या मर्जीने जातं. बाबांना हे समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, असं एक आपल्या घरात आहे, कुणाचं ऐकत नाही. फक्त ते अजून उडालेलं नाही.
पंख जोडायला अगदी सपाट पृष्ठभाग लागतो. बुडबुड्याची लेव्हल लावून सगळं घर तपासलं. सपाट फक्त जेवणाचं टेबल आहे. नऊ दिवस लागेल असं कळवलं. आईने ताटं मांडीवर घ्यायला सांगितलं, पण माझ्याकडे न बघता.

१८ जानेवारी, दुपारी
पंख पूर्ण. प्रत्येक काडी आराखड्यातल्या रेषेवर. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही.
पंख उचलता येत नाही. डिंकाने तो आराखड्याला चिकटला आहे आणि आराखडा टेबलाला. आराखड्यावर प्लास्टिकचा कागद पसरा, ही सूचना क्रमांक एक होती. ती नवशिक्यांसाठी असावी असं मी धरून चाललो होतो.
बाबांनी विचारलं, मग टेबलच उडवायचं का.

१९ जानेवारी
पंख ब्लेडने सुटला. खालच्या बाजूला आराखड्याचा थोडा भाग राहिला आहे. त्यावर ‘येथे कापा’ असं वाचता येतं. मजबुतीच्या दृष्टीने चांगलंच.

२७ जानेवारी
पंखावर पातळ कागद लावला, तो ताणला जावा म्हणून पाणी फवारलं आणि उन्हात ठेवला. सूचनेत सावली म्हटलं होतं, पण सावलीत फार वेळ जातो. वाळल्यावर पंखाला पीळ पडला. ताई म्हणाली, पीळ रबराला भरायचा होता ना? तिला सांगितलं की पक्ष्यांचे पंखही सरळ नसतात. ती म्हणाली, पक्षी फडफडवतो, तू काय करणार?
उद्यापासून सहाला उठून व्यायाम आणि एक तास अभ्यास.

१ फेब्रुवारी
पहिलं उड्डाण. स्टॉपवॉच माझ्या हातात, मनगटी घड्याळ बाबांच्या. माझ्या मते तीन सेकंद. बाबांच्या मते दोन, आणि तेही खाली जाताना. सरासरी अडीच. म्हणजे फक्त चोवीस पट सुधारणा हवी. तीन आठवडे आहेत. आठवड्याला आठ पट. गणित आवाक्यातलं आहे.
सहाला उठणं सोमवारपासून.

८ फेब्रुवारी
वजन कमी करण्याची मोहीम. ताई औषधांच्या दुकानात काम करते, तिथे नाजूक तराजू आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत एक एक भाग घेऊन जातो. आज ती म्हणाली, उद्या डब्यातून विमानाचं शेपूट निघालं तर मी तुला ओळखत नाही.
क्लबचा नियम आहे की विमानावर नाव-पत्त्याची चिठ्ठी हवी, हरवलं तर सापडणाऱ्याला परत देता यावं म्हणून. आमचा पत्ता पाच ओळींचा. मामांच्या कारखान्याचा दोन ओळींत मावतो. निम्म्याहून जास्त कागद वाचला. मामांचाच पत्ता लिहिला, बारीक आणि सुवाच्य. ‘गादी’ मात्र दीर्घ लिहिलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१५ फेब्रुवारी
क्लबचे सेक्रेटरी मैदानावर भेटले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी विमान दोन बोटांवर तोललं आणि म्हणाले, बाळ, शेपटीकडे जड आहे, नाकात चिमूटभर माती भर. मी त्यांना संपूर्ण सिद्धान्त समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरी गेले.
ते गेल्यावर नाकात माती भरली. एकोणीस सेकंद. नाकात वजन घालण्याचा शोध आज मला लागला.

२२ फेब्रुवारी, दुपारी २
स्पर्धा झाली. तपशील क्रमवार लिहितो, कारण पुढे वाद होईल.
तीन संधी. मामा घडीची खुर्ची घेऊन आले होते. पहिल्या संधीला तीनशे फेरे मोजून भरले, एकही चुकला नाही. दिशा उलटी होती. सोडल्यावर विमान मागे सरकलं आणि माझ्या बुटावर पडलं. एक सेकंद. मामांनी विचारलं, घरी निघालं होतं का?
दुसऱ्या वेळी बावीस.
तिसऱ्या वेळी सेक्रेटरींनी पुढून विमान धरलं. चारशे फेरे. सोडलं. ते चढलं. गोल फिरत आणखी चढलं. मामा खुर्चीतून उठले. आई म्हणाली, अरे, गेलं की रे.
मग ते पाण्याच्या टाकीमागे गेलं आणि वेळ मोजणाऱ्या पंचाने घड्याळ थांबवलं. एकेचाळीस. विमान दिसेनासं झालं की वेळ संपते, असा नियम आहे म्हणे.
मी मामांना म्हणालो, तह हवेत राहण्याचा होता, दिसण्याचा नाही. मामांनी थोडा विचार केला आणि ते मान्य केलं. माणूस न्यायी आहे. म्हणाले, विमान सापडू दे, मग ठरवू.
टाकीपलीकडच्या तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. कुठेही नाही. म्हणजे पुढे गेलं.

२४ फेब्रुवारी
वाऱ्याचा वेग धरून हिशेब केला. वरती गरम हवेचा झोत मिळाला असल्यास विमान शेजारच्या शहरावर असावं. भिंतीवर नकाशा लावला.

२६ फेब्रुवारी
उड्डाण चालू आहे. नाही असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आई म्हणाली, जेवायला येणार असेल तर आधी सांग.
क्लबला जागतिक विक्रमाबद्दल पत्र लिहिलं. शुद्धलेखन दोनदा तपासलं. अजून टाकलेलं नाही.

२ मार्च, सकाळी ११
काल टाकीचा रखवालदार चिठ्ठीवरचा पत्ता विचारत मामांच्या कारखान्यात पोचला. आठवड्याची सुट्टी कालच होती, म्हणून उशीर झाला म्हणाला. विमान धड आहे. रबर मात्र त्याने जेवणाच्या डब्याला लावलं आहे.
विमान टाकीच्या झाकणावरच बसलं होतं. आम्ही खाली गल्ल्या हुडकत होतो तेव्हा ते वर होतं. मामांनी रखवालदाराला नीट विचारलं, टाकीमागे आल्यावर किती वेळ उडत होतं? तो म्हणाला, मी चहाचा एक घोट घेतला, तेवढ्यात बसलं बिचारं.
घोट हे वेळेचं माप नाही, हे मी फोनवर मामांना सांगितलं. ते म्हणाले, मग मोजून सांग.
मोजला. साधा घोट दोन सेकंद. चहा फार गरम असेल तर चार. मला एकोणीस हवेत. एकोणीस सेकंदांचा घोट घेऊन बघितला. ठसका लागला. ताईने पाठीवर थोपटलं. काही बोलली नाही, यावरूनच तिने ही वही वाचली आहे हे कळलं.
मामांनी आईकडे निरोप ठेवला आहे: विमान कामावर हजर झालंय, तू कधी येतोस?

२ मार्च, संध्याकाळी
विमान आणायला कारखान्यात जाऊन आलो. मामांचं कापड कापायचं टेबल बारा फूट लांब आहे. सहज खिशात होती म्हणून लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा मधोमध. एवढं सपाट लाकूड मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.
उद्यापासून सकाळी आठला जाणार आहे. केवळ टेबलासाठी, आणि तात्पुरतं. आधी पाटी दुरुस्त करीन म्हणालो, तर मामांनी पाटी राहू दे म्हणून हातात सुई दिली.