खाकरल्याशिवाय काढलेला फोटो

तीर्थस्वरूप दादास,

सभेत हजार माणसं ज्यांचं ऐकतात आणि घरी ज्यांना कोणी एक वाक्य पुरं करू देत नाही, अशा समस्त वक्त्यांना उद्देशून खरं तर हे पत्र आहे; पण त्यांतला माझ्या पत्त्यांच्या वहीत तू एकटाच. नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनीने तुला ऐन भाषणात औषध घ्यायला लावलं, हे वाचून माझं रक्त उसळलं. (औषध मात्र घेत जा.)

तू दिलेल्या कॅमेऱ्याने मी महिनाभर परसात पाखरांचे फोटो काढायला शिकते आहे. चार पुस्तकं वाचली, जुन्या चादरीला भोक पाडून आडोसा केला, परातीत पाणी भरून ठेवलं. एक दयाळ रोज येतो. काळा कोट, पांढरं पोट, शेपूट ताठ. आणि गातो असा, की मला माझी चाळीस वर्षांची भाषणं आठवून लाज वाटली. समोर श्रोते नाहीत, शेवटी आभार नाहीत, तरी आवाजात काडीची कसूर नाही! एकशे बारा फोटो काढले, दादा. एकशे बारा रिकाम्या फांद्या. मी कॅमेऱ्याला दोष दिला, उजेडाला दिला, शेजारच्या दंतवैद्याच्या घरघरत्या यंत्राविरुद्ध तर कुंपणापाशी उभी राहून वीस मिनिटं बोलले. (तो आणि तोंडात कापूस कोंबलेला त्याचा पेशंट खिडकीतून ऐकत होते. एकानेही प्रतिवाद केला नाही.)

शेवटी आमचे हे बाहेर आले. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, बोलणं बेताचंच. म्हणाले, "अगं, बटण दाबायच्या आधी तू खाकरतेस."

खरंच की! व्यासपीठाची सवय, मोक्याचा क्षण आला की घसा आपोआप साफ होतो. यांनी कॅमेरा घेतला, परातीजवळ पाटावर बसले आणि तासभर हलले नाहीत. दयाळ त्यांच्या चपलेवर येऊन बसला! तीस वर्षं मी यांच्या गप्प बसण्याला मतांचा अभाव समजत होते. तो माणूस इतकी वर्षं नीट बघत होता, दादा. फोटो सोबत जोडला आहे. कौतुक यांचं कर, माझं नको.

तुझी धाकटी बहीण

ता. क. फोटोत दयाळाच्या चोचीत अळी आहे. मागे भिंतीवर दिसतो तो आपल्या ग्रंथालय बचाव समितीच्या लाउडस्पीकरचा कर्णा, गेल्या सभेनंतर मीच टांगलेला. अळी कर्ण्यात गेली. आत तीन पिल्लं आहेत.

ता. क. दुसरा. रविवारच्या ग्रंथालय बचाव सभेसाठी तुझा वायरमन शनिवारी तोच कर्णा न्यायला येतो आहे. कर्णा नसेल तर मागच्या रांगांना माझा शब्द पोचणार नाही, आणि ग्रंथालयाला टाळं लागलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. दोन दिवस या विचाराने जेवण गोड लागलं नाही. यांना विचारलं, तर म्हणाले, "लोक पुढे सरकून बसतील." तेव्हा बंधुराज, हे पत्र खाली ठेव आणि वायरमनला आत्ताच्या आत्ता सांग, की येऊ नकोस. (खाकरू नकोस. थेट सांग.)